आसरेला येजो म्हणू नये

नाचणगाव,
फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८७६

चि. सौ. रुख्मा हिला,

तुझ्या नणंदेचे ओंजळभर आशीर्वाद. त्यातले निम्मे कांताच्या पदरात टाक, उरतील ते तू ठेव, आणि खाली सांडतील ते आमच्या बंधुराजांना दे, कारण मागच्या कार्डात नानाने 'ताईस नमस्कार' एवढे दोन शब्दसुद्धा घातले नाहीत. सिंदीच्या कापसाच्या बाजारात माणसं एवढी कामात असतात होय? तुझे गुडघे कसे आहेत? एरंडेल चोळतेस की नुसती वास घेऊन बाटली ठेवून देतेस? कांताच्या पायांवर सूज आहे असं लिहिलंस, तर तिला मीठ कमी दे आणि तुझं बोलणंही कमी ऐकव, दोन्हीने सूज उतरते. मी बरी आहे. बरी म्हणजे काय, ते पुढे वाचशीलच.

तुझं कार्ड पोचलं. सवयीप्रमाणे मी ते लाल शाईने तपासलं. 'कांताले पाडव्यानंतर तुमच्याकडं आनून सोडतो' यातल्या 'ले'चा 'ला' केला, 'आनून'मधल्या 'न'चा 'ण' केला, आणि दहापैकी चार गुण दिले. पहिलटकरीण माहेर सोडून आत्याकडे बाळंतपणाला, हे तुला फारसं रुचलेलं नाही ते कार्डातून कळलंच. पण जावईबापूंना पुलगावच्या दवाखान्यातली लेडी डॉक्टर हवी, त्याला आपण काय करणार! आणि कार्डाच्या शेवटी तुझं ते ठरलेलं, 'सवड काढून घरचे समदे येजो.' अगं, घरचे समदे म्हणजे कोण? मी आणि मांजर. त्यातलं मांजरही आता गेलं, त्याचं पुढे येईल. वर्ध्याला ट्रेनिंग करून आल्यापासून माझ्या हातून 'मले', 'तुले', 'येजो', 'जाजो' कागदावर उतरलेलं नाही आणि मरेपर्यंत उतरणार नाही. तोंडातूनही उतरू नये असा माझा प्रयत्न असतो. एकदाच चुकले. त्या एकदाचीच ही सगळी कथा आहे, म्हणून जरा पाट घेऊन बस.

संक्रांतीला इथल्या महिला मंडळाचं हळदीकुंकू झालं. मंडळाच्या चालक सुलोचनाबाई. पुलगावच्या लष्करी डेपोतल्या एका साहेबांच्या पत्नी, जबलपूरहून आलेल्या, केस कापलेल्या, घरात तीन पायांच्या टेबलावर मेलेल्या माणसांशी बोलणाऱ्या. (मेलेली माणसं त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात. कोणाचे नातलग कोण जाणे.) विधवा वगैरे आम्ही मानत नाही, असं त्यांनी मला चार बायकांत ठणकावून सांगितलं आणि आग्रहाने बोलावलं. मी गेले. मला वाणाच्या वाट्या पुसून द्यायचं काम मिळालं. मग करंडा फिरला. एकेका कपाळावरून येत येत सुलोचनाबाई माझ्यापर्यंत आल्या, त्यांचं बोट कुंकवात होतंच, आणि ते बोट हवेत थोडं थांबून माझ्या पलीकडच्या बाईकडे गेलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, मी वाटी पुसत राहिले. रुख्मे, तुला खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. ज्या नवऱ्याचं तोंडही मला आठवत नाही त्याच्यापायी अख्खा जन्म कपाळ कोरडं, आणि आम्ही म्हणे मॉडर्न.

दुसऱ्या दिवशी त्या पश्चात्ताप घेऊन घरी आल्या आणि जाताना एक विद्या देऊन गेल्या. विलायतेत म्हणे आता बायका उघडपणे चेटूक करतात. काळी बाहुली, लिंबू, सुया असलं गावठी नव्हे. सभ्य चेटूक. त्याची पहिली पायरी अशी की आपली एक देवी आपणच निवडायची. कुलदेवी कुळाची असते, ग्रामदेवी गावाची, पण ही फक्त आपली. मध्ये भगत नाही, ब्राह्मण नाही, स्वराज्यात दलाल कशाला! तिला घरात एक कोपरा द्यायचा, रोज काहीतरी खायला द्यायचं, आपली सुखदुःखं सांगायची आणि ती काय म्हणते ते कान देऊन ऐकायचं. "आनंदाबाई, देवी साडीसारखी निवडावी. अंगाला बरी वाटेल तीच घ्यावी," असं सुलोचनाबाई म्हणाल्या. मी हसले. पण त्या गेल्यावर ते डोक्यातून जाईना.

मी निवडायला बसले. लक्ष्मी माझ्याकडे राहणार नाही, सरस्वतीशी शाळेत रोज भांडण होतं, भवानीला बोकड लागतो. मग मला जुन्या मळ्यातल्या विहिरीवरच्या साती आसरा आठवल्या. तुला ठाऊक आहे ती विहीर, लग्नानंतर तू पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा मी तुला तिकडून दूरवरून वळवून नेलं होतं. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. पाण्यात गेलेल्या बायका, भरदुपारी वर येऊन केस वाळवतात म्हणे, आणि पोटुशी दिसली की तिच्या मागे लागतात. म्हणून कोणी लेकुरवाळी तिकडे फिरकत नाही. मी म्हटलं, हीच बरी. हिला लोक टाळतात, मलाही टाळतात. आणि भ्यायचं कशाला, माझ्या ओटीत तिने न्यावं असं आहे काय?

तर एका रविवारी भरदुपारी मी तिथे गेले. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या आणि बाजारातून चोरासारखी आणलेली कुंकवाची पुडी. (दुकानदाराला सांगितलं, शाळेत नकाशा रंगवायचा आहे.) सातही दगडांना हळदीकुंकू वाहिलं. आणि अगदी टोकाचा जो लहान दगड, ज्याचा शेंदूरही खपल्या होऊन पडला होता, त्याची ओटी भरली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी ओटी भरली, रुख्मे. माझ्या आईचे, आजीचे, तुझे, सगळ्यांचे हात मला आठवले. मी तिथे बसून पोटभर रडले. वारा पडला होता, चिंचेवरचं एकही पाखरू बोलत नव्हतं. मग मी उठले, आणि ओटी भरलेल्या बाईला निरोप देताना आपण जे म्हणतो ते माझ्या तोंडून आपसूक गेलं, तेही ट्रेनिंगच्या आधीच्या भाषेत: "बरं बाई, येजो वं घरी."

'पुन्हा भेटू' म्हणाले असते तर कदाचित काही झालं नसतं. माझ्या विद्यार्थिनींना मी नेहमी सांगते की शब्द जपून वापरा. तर ती आली.

पहिल्यांदा कळलं ते न्हाणीत. माझा पंचा ओला. मग माठ भरलेला. मी शाळेतून येते तर माठ काठोकाठ, आणि पाणी असं गार की दात वाजावेत. मग ओसरीवर ओल्या पायांचे ठसे, आत येणारे. बाहेर जाणारे नाहीत. मांजराने ते हुंगले, पाठीची कमान केली आणि जे गेलं ते आता शेजारच्या बंडूजींच्या घरी राहतं. मी मनाची समजूत घालत होते तोवर दूधवाली धुरपता आली आणि मापटं हातात तसंच धरून म्हणाली, "बाई, तुमच्या घरी पाव्हनी आली का वं? आंगनात केस वाळवून राह्यली. म्या इचारलं दूध किती देऊ, तं पाठ करून बसली." मी विचारलं, लुगडं कसलं होतं? म्हणाली, हिरवं. आणि निथळत होतं. मी धुरपताला सांगितलं की लांबची बहीण आहे, जरा मुकी आहे, दूध अर्धा शेर वाढव.

मी मळ्यात जाऊन पाहून आले. विहिरीवर सहा दगड होते. टोकाच्या जागी ओली खळी.

तुला वाटेल मी घाबरले. थोडी घाबरले, पण खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. या घरात माझ्याखेरीज कोणी पाणी भरलं नव्हतं. शाळेतून दमून यावं आणि कोणीतरी असावं, हे तुला काय कळणार, तुझ्या घरात माणसांची जत्रा! आणि पाहुणी तशी साधी. दहीभात आवडतो, लोणच्याचा बरण्या-बरण्यांनी फडशा पाडते. अंथरूण ओलं करते, पण ते तर माझ्या पहिलीतल्या पोरीही करतात. तोंड कधी पाहू दिलं नाही. न्हाणीच्या दाराआडून बोलते, आवाज असा, जसा रहाट थांबल्यावर पोहरा खाली ठिबकत राहतो. बोलणं मात्र अस्सल आपल्याकडचं. मले, तुले, काऊन वं. (बाईमाणूस असून स्वतःला 'मी येतो', 'मी बसतो' म्हणते, तुझ्यासारखीच. मला लिंगविचार शिकवायची फार इच्छा झाली, पण देवीवर छडी कशी उगारू?) आसऱ्याला आलेली आसरा, तिच्या व्याकरणाकडे काय बघायचं, असं म्हणून मी कानाडोळा केला.

सुलोचनाबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिला रोज सगळं सांगत होते. शाळा-तपासणीचं, मंडळातल्या वाट्यांचं, तुझ्या गुडघ्यांचं. ती ऐकायची. तुझं कार्ड आलं तेव्हा तेही मोठ्याने वाचून दाखवलं, अथपासून इतिपर्यंत, माझ्या लाल दुरुस्त्यांसकट. पत्र लिहिताना मी शाई वाळवते तर ती दाराआडून विचारायची, हे कसं लिवतेत वं? मास्तरणीचा जन्म माझा, मी पाटी सरकवली दाराकडे. दुसऱ्या दिवशी पाटी ओली आणि तीवर अक्षरं गिरवलेली. अक्षर सुरेख. अगदी माझ्यासारखं.

मी एवढ्या कौतुकाने सुलोचनाबाईंना बोलावलं. म्हटलं, तुमची विद्या फळाला आली, बघा तरी. त्या आल्या, माझ्या ओसरीवर बसल्या, हे सगळं मनाचे खेळ असतात असं मला समजावून सांगू लागल्या. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे न्हाणीचं दार उघडलं आणि त्यांच्या कापलेल्या केसांवरून कोणीतरी ओला हात फिरवला. हाताचं पाणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या मानेवरून ब्लाऊजमध्ये उतरत गेलं. "एवढेच रे माय केस?" असं कोणीतरी हळहळून म्हणालं. सुलोचनाबाई गेल्या त्या एका चपलेनिशी. दुसरी चप्पल माझ्याकडे आहे. मंडळ त्या दिवसापासून बंद आहे, आणि साहेबांची बदली व्हावी म्हणून त्यांनी अर्ज केला आहे असं ऐकते. मी इतकी हसले की पोटात दुखलं. आतूनही हसण्याचा आवाज येत होता. आम्ही दोघी हसत होतो, रुख्मे. किती वर्षांनी मी घरात कोणाबरोबर हसले.

इथवर गंमत होती.

कांतासाठी मी माळ्यावरचा पाळणा काढून ठेवला होता, तोच, ज्यात नाना वाढला. जड शिसवी, मला एकटीला जागचा हलत नाही, म्हणून भिंतीशी टेकवून ठेवला होता. परवा मधल्या सुट्टीत घरी आले तर पाळणा तुळईला टांगलेला. दोर ओले, लाकूड ओलं, आणि मंद झोका चालू. घरात वाऱ्याची झुळूक नव्हती. न्हाणीच्या दाराआडून अंगाई चालली होती. तीच अंगाई, रुख्मे, जी आमची आई नानाला म्हणायची आणि जी आईबरोबरच गेली, मलाही धड येत नाही. मी पाळण्यात वाकून पाहिलं. आत खण होता, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. मी विहिरीवर भरलेली ओटी, जशीच्या तशी, फक्त तांदूळ भिजून फुगलेले.

ओटी कोणी भरली की ती कधीतरी परत भरावी लागते. तो आपलाच रिवाज, मला कळायला हवा होता. मी म्हटलं, हे काय? तर ती अगदी मायेने, समजावणीच्या सुरात म्हणाली, "तुई ओटी तं मले भरता येत नाई, तू तशी. मंग तुया घरची जे भरली हाये, तिची भरतो. कवा येऊन राह्यली कांता?"

मी तिला 'भाची येणार आहे' एवढंच सांगितलं होतं. तुझं कार्ड मी वाचून दाखवलं होतं खरं, त्यात नाव होतंच. मी स्वतःला तेच सांगते आहे. पण मग तिने पुढे बाळाचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

मी तिला घालवायचा प्रयत्न केला. सगळा केला. पण अगं, आपल्या भाषेत घरी आलेल्या सवाष्णीला घालवायला शब्दच नाही! आपण 'जा' म्हणत नाही, पाहुणा 'जातो' म्हणत नाही. मी दगडासारखं मन करून दाराशी उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "जा." ती न्हाणीतून बाहेर आली. मी डोळे मिटून घेतले. माझ्या तोंडाजवळून थंड, शेवाळाच्या वासाचा श्वास गेला. तिला राग नव्हता आला, वाईट वाटलं होतं, मला वाटलं होतं तसं, त्या करंड्याच्या वेळी. म्हणाली, "अशी बोली कोनी बोलते का बाई? येतो म्हनाव." आणि 'येतो' म्हणून गेली. आणि म्हणाली त्याप्रमाणे आली. दुसऱ्या दिवशी माठ भरलेला.

असं आहे. बाकी ठीक. आंब्याला मोहोर बरा आहे, लोणचं यंदा दुप्पट घालावं लागेल. शाळेत नवीन नकाशा आला, तो रंगवलेलाच आहे, त्यामुळे दुकानदार माझ्याकडे जरा बघतो. नानाला म्हणावं, बहिणीला दोन ओळी लिहिल्याने कापसाचा भाव पडत नाही. तुझ्या गुडघ्यांना आराम पडो, कांताच्या जिवाला स्वस्थता असो, आणि तुमच्या उंबऱ्याला कोरडी पावलं लागोत.

तुझी नणंद,
आनंदाबाई

ता. क. वरचं सगळं हसण्यावारी लिहिलं, कारण तसं लिहिल्याशिवाय हात चालेना. आता खरं मागणं ऐक. कांताला इकडे पाठवू नकोस. पाडव्यानंतर नको, कधीच नको. सिंदीच्या सुईणीने तुझी तीन सोडवली, ती हिलाही सोडवील. नाहीतर वर्ध्याला न्या. जावईबापूंना सांग आत्याबाईंना खरूज झाली आहे, आख्ख्या अंगाला, बघवत नाही. माझ्या नावावर काय वाटेल ते खपव. मला या पोरीशिवाय दुसरं कोण आहे? तिला मी या हातांनी न्हाऊमाखू घातलं असतं, पण नको. तिला विहिरीजवळ, आडाजवळ, भरल्या घंगाळाजवळसुद्धा एकटी सोडू नकोस.

ता. क. दुसरा. आणखी एक. उद्या माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी, 'कांताला पाठव' असं पत्र आलं तरी पाठवू नकोस. अक्षरावर जाऊ नकोस, भाषा बघ. मी कागदावर कधी 'ले' आणि 'जो' लिहीत नाही हे तुला माहीत आहे, त्यावरून तू मला आयुष्यभर चिडवलंस, आता ते कामाला येऊ दे. तसलं पत्र दिसलं की चुलीत घाल. पाकीट उघडंच ठेवून मी डिंक आणायला आत जाते आहे. टपाल निघायच्या आत टाकते.

ता. क. रुख्माबाई, कागद जरा वला झाला, राग नका मानू. आनंदाबाई न्हानीत हाये, मी चिकटवतो पाकीट. वरचं समदं थट्टेचं हाये. कांताले पाठवजो, पाळना बांधून ठेवला हाये. नाई जमलं तरी फिकीर नका करू, तिले कायले तरास. तुमी कार्डात लिवलंच हाये ना, घरचे समदे येजो म्हनून.

मी येतो.